चौथी पायरी

ग्रीनॉकच्या टेकडीवर, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
दर मंगळवारी साडेसहाला आमची शाळा.
हीटर एकच, तोही सेंगाबाईंच्या पायाशी.
खाली क्लाइड नदी, तिच्यात माझी जुनी फेरीबोट;
तीस वर्षं तिच्यावरून धक्क्यावर दोर फेकले,
आणि आता एकोणसाठाव्या वर्षी
नवी वही उघडून बसलोय बायकोशेजारी.

आम्ही नऊजण. टॅनहिल वेल्डर, बेकरीवाल्या दोघी बहिणी,
आणि इल्सा, बालकल्याण खात्यात नुकतीच लागलेली,
तेवीस वर्षांची, पेनाचं टोपण चावणारी.
पहिले तीन मंगळवार कायद्यात गेले.
औषधांना कुलूप. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा.
पोराला लगेच सोन्या-राजा करू नका,
आधी विचारा, तुला काय म्हणू.

चौथ्या मंगळवारी बाई म्हणाल्या, घराच्या किल्ल्या काढा.
टेबलावर ढीग झाला. डोळे मिटून एकेक उचलली.
"हे आता तुमचं घर. रात्रीचे अकरा वाजलेत.
तुमचं वय आठ. मालकाला विचारा काय ते."

सुरुवातीला हसलो. वाय-फायचा पासवर्ड काय, वगैरे.
मग प्रश्न बारीक होत गेले.
संडासचा दिवा कुठून लागतो.
दाराला आतून कडी आहे का.
सकाळी आपण होऊन खाली यायचं,
की हाक येईपर्यंत पडून राहायचं.
कुठली पायरी वाजते.
चौथी, मी म्हणालो. आमची चौथी.

माझी किल्ली इल्साच्या हातात आली होती.
तिने ती बराच वेळ उलटसुलट केली
आणि विचारलं, "तुमच्याकडे ओरडतं कोण?"

कोणी नाही.
रोनाने माझ्याकडे पाहिलं.
बत्तीस वर्षांचा संसार, तिला बोलावं लागत नाही.
म्हणजे, फुटबॉल असला की. बॉयलर बंद पडला की. तेवढंच.
हॉल हसला, टॅनहिल तर टेबल बडवून.
सेंगाबाईंनी पायाने हीटर माझ्याकडे सरकवला.
"भिंतीपलीकडून कळतं का हो, ते फुटबॉल आहे?"

बाई स्वतः अकरा घरांत वाढल्या होत्या,
हे आम्हाला फार उशिरा कळलं,
तेही बेकरीवाल्या बहिणींकडून.

त्या रात्री मी वरच्या छोट्या खोलीत उभा राहिलो.
अजून पडदे नव्हते, पलंगावर प्लास्टिक.
रोनाला म्हटलं, खालून ओरड, मी ओरडतो तसं.
तिने बॉयलरला घातल्या त्या माझ्याच शिव्या,
सूर जसाच्या तसा, एक दमही न चुकवता.
शब्द एकही कळला नाही.
माझा हात मात्र दाराच्या मुठीवर गेला होता.

फेब्रुवारीत मुलगा आला.
नाव सांगत नाही, तेही शिकवलंय.
इल्साच घेऊन आली, गाडीत पाऊण तास
दोघंही गप्प होते म्हणाली.
सूप प्यायला. बूट काढले नाहीत.
"कुत्रा आहे?"
होता, मागच्या वर्षी गेला.
"नाव काय होतं?"
मी सांगितलं. त्याने मान हलवली,
जसं काही कुठल्यातरी फॉर्मवर लिहून घेतलं.

शनिवारी सामना.
टीव्ही लावावा की नाही, यावर आम्ही उभ्या उभ्या भांडलो, कुजबुजत.
शेवटी लावला.
तो येऊन जिन्यात बसला, कठड्याच्या दांड्यांमागे.
"आता ओरडणार?"
मी खोटं बोलणार होतो.
म्हटलं, पेनल्टी चुकली तर, कदाचित. टीव्हीवर. तुझ्यावर नाही.
तो काही बोलला नाही.

पेनल्टी मिळालीच नाही. शून्य-शून्य.
इतका रद्दी खेळ मी आयुष्यात पाहिला नव्हता,
आणि प्रत्येक मिनिटाला देवाचे आभार मानत होतो.
शेवटची शिट्टी झाली.
मग चौथी पायरी वाजली.
वर गेला की खाली आला,
मी वळून पाहिलं नाही.